गाडीसाठी ‘वाटाड्या’ यंत्र : कोणते घ्यावे, किती खर्च करावा



गेल्या हंगामापासून गट ऑफिसात एक नवाच प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. तो लागणीचा नाही, खताचा नाही, ऊसबिलाचाही नाही. “साहेब, गाडीला ते रस्ता दाखवणारं यंत्र बसवायचं म्हणतोय, कोणतं घ्यावं?” कोणी ट्रॅक्टरसाठी विचारतो, कोणी ट्रकसाठी, तर कोणी मुलाने नवी गाडी घेतली म्हणून. शेती विभागाचा याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध कसा आला ते आधी सांगतो.

जानेवारीतली गोष्ट. नदीकाठच्या एका सभासदाच्या फडात तोड चालू होती. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांचा, चालक शिरूर कासारकडचा तरुण पोरगा, आपल्या भागात पहिलाच हंगाम. दिवसा तो दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागोमाग मोठ्या पुलावरून फडात आला. भरणी व्हायला रात्रीचे साडेदहा झाले. पुढचा ट्रॅक्टर केव्हाच निघून गेलेला. पोराने फोनवर कारखान्याचे नाव घातले आणि फोन सांगेल तसा निघाला. मोठ्या पुलावरून कारखाना 11 किलोमीटर, फोनने काढला 4 किलोमीटरचा रस्ता. तो रस्ता गेला थेट के.टी. बंधाऱ्यावर.

आपल्या भागातल्या माणसाला बंधारा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मोटारसायकल जाते, बैल जातो, एखादा धाडसी गडी रिकामा ट्रॅक्टर काढतो. कठडा नाही. पोराला अंधारात तो पूलच वाटला. मध्यावर गेल्यावर मागल्या ट्रॉलीचे एक चाक कडेवरून खाली उतरले. पोरगा वेळीच उतरला म्हणून वाचला. नाहीतर या अंकात आम्हांस वेगळेच काही लिहावे लागले असते.

मग सकाळी माणसे गोळा करून मोळ्या हातांनी उतरवल्या, ट्रॉली ओढून काढली, पुन्हा भरणी केली. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही दर सभेत सांगतो. हा ऊस काट्यावर आला तेव्हा तोडणीला दीड दिवस होऊन गेला होता. ऊस वाळतो तसे वजन घटते, आतली साखर फुटते. वजनाचा तोटा त्या सभासदाचा, उताऱ्याचा आपणा सर्वांचा.

चूक कोणाची, याची चौकशी आम्हीच केली आणि तिचा एक धागा आमच्याकडेच आला. हंगामाच्या सुरुवातीस वाहतूकदारांच्या बैठकीत आम्ही सांगितले होते, “फडाचे लोकेशन चिटबॉय फोनवर पाठवील, फोन लावा आणि या.” यायचे कसे ते सांगितले, जायचे कोणत्या रस्त्याने ते सांगितले नाही. कोणत्या बंधाऱ्यावरून ट्रॉली न्यायची नाही, हा शब्द आम्ही काढला नाही. आपल्याला माहीत असते ते सर्वांनाच माहीत आहे, असे आपण धरून चालतो.

आठ दिवसांनी तेच सभासद ऑफिसात आले. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. म्हणाले, “साहेब, पोराच्या साध्या फोनानं घात केला. चांगलं भारीतलं यंत्र घेतो, पैशाचं बघू नका. कोणतं घेऊ?”

आम्ही म्हटले, “आबा, भारीतल्या यंत्रानेसुद्धा त्याला बंधाऱ्यावरच नेले असते.”

हे असे का, ते नीट समजले तर यंत्र निवडणे सोपे आहे आणि स्वस्तातही होते.

यंत्राची तीन कामे

वाटाड्या यंत्र एकच वस्तू दिसत असली, तरी तिच्यात तीन वेगवेगळी कामे चालतात. पहिले, आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहोत ते ओळखणे. दुसरे, त्या जागेभोवती काय आहे, म्हणजे रस्ते, नद्या, गावे यांचा नकाशा जवळ बाळगणे. तिसरे, इथून तिथे जायला कोणता रस्ता बरा ते ठरवणे. यांपैकी पहिले काम तेवढे उपग्रहाचे. बाकीची दोन माणसांनी भरलेल्या माहितीवर चालतात. लोक “सॅटेलाइटने चुकवलं” म्हणतात ते बहुधा खरे नसते. उपग्रहाने त्या पोराला बरोबर बंधाऱ्यावर दाखवले होते. बंधारा हा ट्रॉलीचा रस्ता नव्हे, हे नकाशाला माहीत नव्हते.

उपग्रहाचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात वीज चमकली की आपण गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो आणि वीज किती लांब पडली त्याचा अंदाज बांधतो. हे यंत्र तेच करते. अमेरिकेच्या जी.पी.एस. व्यवस्थेचे तीसेक उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. “मी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले,” एवढेच तो सारखा सांगत असतो. हा निरोप प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर, येतो. खाली पोहोचायला त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. मोजणीदार जसा तीन ठरलेल्या दगडांपासून साखळी टाकून चौथी जागा पक्की करतो, तशी तीन-चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा निघते. जागेसाठी तीन उपग्रह पुरतात. चौथा लागतो तो आपल्या यंत्रातील घड्याळ साधे असते म्हणून. त्याची चूक चौथ्यावरून काढून घेतात. घड्याळाचे महत्त्व किती, तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. म्हणजे शिवारच बदलले.

ही व्यवस्था मुळात अमेरिकेच्या लष्कराची. पहिला उपग्रह 1978 साली गेला, पूर्ण व्यवस्था 1995 साली सुरू झाली. तोपर्यंत आणि नंतरही काही वर्षे सामान्य लोकांना मिळणाऱ्या निरोपात मुद्दाम चूक मिसळलेली असे, ती 100 मीटरपर्यंत जाई. मे 2000 मध्ये ती मिसळणे बंद झाले आणि मग गाडीत वापरायची यंत्रे खऱ्या अर्थाने चालू लागली. आज रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैडू अशा इतर व्यवस्थाही आहेत.

आपल्या देशाचीही आहे, तिचे नाव नाविक. इस्रोने तिचा पहिला उपग्रह जुलै 2013 मध्ये सोडला आणि 2016 मध्ये हे नाव मिळाले. हे उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर, आपल्या देशावर आणि भोवतालच्या टापूवर नजर ठेवून असतात. पुढे काही उपग्रहांतील परदेशी बनावटीची अणुघड्याळे बंद पडली. उपग्रह वर ठणठणीत आणि घड्याळ बंद, मग वाट दाखवायला त्याचा उपयोग नाही. मे 2023 मध्ये सोडलेल्या नव्या उपग्रहात प्रथमच आपल्या देशात बनवलेले अणुघड्याळ बसवले, याचा आम्हांस मनापासून आनंद झाला. पण ‘नाविक चालणारे’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर गाडी चालवण्यापुरते ते देऊ नयेत. आजचे साधे यंत्रही एकाच वेळी तीन-चार व्यवस्थांचे उपग्रह धरते आणि मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटरच्या आत जागा सांगते. स्वस्त आणि महाग यांत या बाबतीत आपल्या कामापुरता फरक उरलेला नाही.

पाच मीटरची चूकही कोठे नडते, तर महामार्ग आणि त्याला लागून असलेला सर्व्हिस रोड. पुणे-बंगळूर रस्त्यावर पुष्कळदा यंत्राला वाटते आपण वर आहोत आणि आपण असतो खाली. तेथे डोळ्यांवर विश्वास ठेवावा. बोगद्यातही उपग्रह दिसत नाहीत. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात यंत्र गप्प झाले तर ते बिघडले असे समजू नये.

इंटरनेट आणि उपग्रह वेगळे

येथे बहुतेकांचा घोटाळा होतो. उपग्रहाचा निरोप फुकट असतो आणि तो घ्यायला सिमकार्ड, रिचार्ज, नेटवर्क यांपैकी काही लागत नाही. यंत्र फक्त ऐकते, वर काही पाठवत नाही. आंबोलीच्या किंवा करूळच्या घाटात फोनची रेंज गेली आणि रस्ता दिसेनासा झाला, तर उपग्रह गेलेला नसतो. नकाशा गेलेला असतो, कारण तो त्या क्षणी इंटरनेटवरून येत होता. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला असेल, तर रेंज असो-नसो काम चालते.

एवढे मात्र खरे, की इंटरनेट असेल तर सुरुवात लवकर होते. उपग्रह आपली माहिती फार सावकाश सांगतो. सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी त्याच्याकडून ऐकायची तर साडेबारा मिनिटे लागतात. फोन ही यादी इंटरनेटवरून चटकन आणतो. म्हणून सिम नसलेले, बरेच दिवस बंद असलेले यंत्र चालू केल्यावर काही मिनिटे उघड्यावर थांबावे. पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहून “लागत नाही” म्हणू नये.

मागकाढू यंत्र आणि वाटाड्या यंत्र

वाहतूकदार सभासदांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण पैसे येथेच जातात. आमच्या माहितीतील एका सभासदाने शहरातून ‘जी.पी.एस.’ म्हणून एक काळी डबी आणली. बसवली, वर्षाची फी भरली आणि मग चालक विचारू लागला, “मालक, ह्याच्यात रस्ता कुठं दिसतो?” दिसणार कसा? ते गाडीचा माग काढायचे यंत्र होते. त्यात उपग्रहाचा निरोप घेणारा भाग असतो, शिवाय सिमकार्ड असते, आणि गाडी कोठे आहे ते मालकाच्या फोनवर कळते. त्याचा उपयोग आहेच. प्रवासी गाड्यांना तर ए.आय.एस.-140 या मानकाचे असे यंत्र संकटकाळच्या बटणासह कायद्याने बसवावे लागते. पण मालकाला गाडी सापडणे वेगळे आणि चालकाला रस्ता सापडणे वेगळे. दुकानदाराला नुसते “जी.पी.एस. द्या” म्हणू नये. “चालकाला बोलून रस्ता सांगणारे पाहिजे,” असे सरळ म्हणावे आणि दरवर्षी काही भरावे लागते का ते आधीच विचारावे.

आता, घ्यावे कोणते?

गाडीच्या काचेमागे लावायचे स्वतंत्र वाटाड्या यंत्र हा एक प्रकार. गार्मिन, टॉमटॉम या कंपन्यांनी ती जगभर विकली, आपल्याकडे मॅपमायइंडियानेही विकली. पाच इंची पडदा, नकाशा आतच भरलेला, सिम नको, फोन आला म्हणून मध्येच रस्ता दिसायचा थांबत नाही, हे त्याचे गुण. म्हाताऱ्या माणसालाही चालवता येते, कारण त्याला दुसरे काही कामच नसते. अमेरिकेत साध्या यंत्राची किंमत 150 डॉलरच्या आसपास आहे. पण आपल्या तालुक्याच्या गावी ते सहसा दुकानात मिळत नाही, बिघडले तर दुरुस्ती जवळ नाही. आणि मुख्य म्हणजे, परदेशातल्या पाहुण्यांनी प्रेमाने आणून दिले तर त्यात बहुधा तिकडचाच नकाशा असतो. भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो त्या यंत्राला चालतो का, हेही पाहावे लागते. पाहुण्यांना आधीच कळवावे, नाहीतर घरातल्या कपाटात आणखी एका वस्तूची भर.

दुसरा प्रकार आपल्या खिशातला फोन. सभासदांपैकी बहुतेकांना आमचा सल्ला हाच, की नवे काही घेण्यापूर्वी हातातला फोन नीट वापरून पाहा. नकाशाची ॲपे फुकट आहेत. गूगल मॅप्समध्ये आपल्याला हव्या त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवता येतो. आपल्या देशात बनवलेले मॅपल्स आहे. ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲपे मुळातच इंटरनेटवाचून चालतात. त्यांचा नकाशा 2004 साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरत नेलेल्या नकाशावरून घेतलेला असतो. दोन वेगळी ॲपे ठेवावीत असे आम्ही म्हणतो. एकाला वस्ती सापडत नाही ती दुसऱ्याला सापडते.

तिसरा प्रकार आम्हांस सर्वांत पसंत आहे आणि त्याची जाहिरात कोणीच करत नाही, कारण त्यात कोणाला काही मिळत नाही. मुलाने नवा फोन घेतला की जुना फोन घरात पडून असतो. त्याची काच धड असेल आणि बॅटरी फुगलेली नसेल, तर तोच गाडीसाठी ठेवावा. त्यातले सगळे काढून टाकावे, घरच्या इंटरनेटवर पूर्ण महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्यावा, सिम घालूच नये. झाले यंत्र. चालकाला त्यावर कोणाचा फोन येत नाही, गाणी-व्हिडिओ लागत नाहीत, रिचार्ज नाही. ट्रॅक्टरवरून पडून फुटला तरी जीव जळत नाही. आबांनी शेवटी हेच केले. नातवाचा जुना फोन कामाला लावला. खर्च आला तो होल्डर, चार्जर आणि वायर एवढाच.

आणि पैसे खर्चायचेच तर तेथे खर्चावेत. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने हलका होल्डर दोन खेपांत सैल होतो आणि फोन चालकाच्या पायात येतो. ब्रेकखाली वस्तू आली तर काय होते ते सांगायला नको. होल्डर पक्का, स्क्रूने आवळायचा घ्यावा, आणि समोरचा रस्ता झाकणार नाही असा, नजरेच्या थोडा खाली लावावा. मार्चच्या उन्हात काचेला चिकटवलेला फोन तापून स्वतःच बंद पडतो, म्हणूनही खालीच बरा. चार्जर घेताना गाडी पाहावी: ट्रॅक्टरला 12 व्होल्ट, मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतात. दोन्हीवर चालणारा चार्जर मिळतो, तोच मागावा. नुसत्या 12 व्होल्टचा चार्जर ट्रकला लावला तर तो जळतो, प्रसंगी फोनलाही घेऊन जातो.

आवाजाचे काय? इंजिनाच्या आवाजात फोनचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून पोरे कानात बोंडे घालतात. हे आम्हांस मान्य नाही. मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. त्यापेक्षा एखादा छोटा स्पीकर जोडावा किंवा निघण्यापूर्वी सगळा रस्ता एकदा पडद्यावर पाहून घ्यावा. कायदाही ध्यानात असू द्यावा: 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमानुसार गाडी चालवताना हातातले असे साधन केवळ रस्ता पाहण्यासाठीच वापरता येते, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. चालत्या गाडीत गावाचे नाव टाइप करणे त्यात बसत नाही. गाडी बाजूला घ्यावी, मग बोटे चालवावीत.

घेण्यापूर्वी पारखून पाहा

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. तसे यंत्र जुने असो की नवे, दुकानाबाहेर उन्हात न्यावे. उन्हात पडदा दिसतो का पाहावे. दुकानातल्या दिव्यात सगळेच पडदे छान दिसतात. फोन असेल तर इंटरनेट बंद करून, जागा सापडायला किती वेळ लागतो ते पाहावे. मराठीत बोलते का, बोलले तर आपल्याला समजते का, हे ऐकावे. काही यंत्रे आपल्या गावांची नावे अशी काही उच्चारतात, की गावकऱ्यालाही ओळखू येऊ नयेत.

नकाशा किती ताजा आहे हे ओळखायची सोपी खूण सांगतो. त्यात समृद्धी महामार्ग पूर्ण दिसतो का पाहा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि शेवटचा जून 2025 मध्ये खुला झाला. जेवढा दिसेल त्यावरून नकाशाचे वय कळते. शिवाय ‘धाराशिव’ आणि ‘अहिल्यानगर’ ही नावे घालून पाहावीत. जुन्या यंत्राला ती ठाऊक नसतील, मग जुनी नावे घालावी लागतील. वापरलेले स्वतंत्र यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर त्याचा नकाशा ताजा करता येतो का आणि त्याला पैसे पडतात का, हे विचारल्याशिवाय हात लावू नये.

नंतर आपल्या माहितीतले अवघड ठिकाण घालावे. मोठे शहर कोणतेही यंत्र दाखवते; आपल्या मळ्याची वस्ती दाखवते का, ते पाहावे. सारख्या नावांची गावे ही महाराष्ट्रातली मोठीच अडचण आहे. नुसते ‘वडगाव’ घातले तर पेठ वडगाव, मावळातले वडगाव, पुण्यातले वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक असे सगळे पुढे येतात आणि घाईत भलत्यावर बोट पडते. आमचेच एक सहकारी बेणे पाहायला निघाले होते, ते खुर्दऐवजी बुद्रुकात जाऊन चहा पिऊन आले. तालुक्याचे नाव नेहमी जोडावे, आणि निघण्यापूर्वी यंत्राने काढलेले अंतर आपल्या अंदाजाशी जुळते का, ते पाहावे.

बंधाऱ्याचा प्रश्न

आता पुन्हा त्या रात्रीकडे येतो. नकाशाच्या ॲपमध्ये वाहन कोणते ते निवडावे लागते: पायी, दुचाकी, मोटार. आम्हांस पहिल्यांदा वाटले, पोराचा फोन दुचाकीवर राहिला असेल. तपासले तर खरोखरच तसा होता. मग आम्ही तो मोटारीवर ठेवून त्याच फडापासून पुन्हा रस्ता मागितला. तरीही बंधाराच आला! दुचाकीवर राहून गेलेली निवड ही चूक आहेच आणि ती प्रत्येक चालकाने तपासावी. पण ती सुधारून प्रश्न सुटत नाही. नकाशाच्या लेखी मोटार म्हणजे मोटार. दोन ट्रॉल्या, वर बारा-तेरा फूट उंच भरलेला ऊस, हे वाहन त्याच्या यादीतच नाही. परदेशात खास ट्रकसाठी यंत्रे मिळतात, त्यांत गाडीची उंची, रुंदी, वजन भरता येते. पण त्यांचाही उपयोग तेव्हाच, जेव्हा नकाशात त्या-त्या पुलाची उंची आणि भारक्षमता कोणीतरी भरलेली असते. आमच्या गटातील एकाही बंधाऱ्याची रुंदी आम्हांस कोणत्याही नकाशात आढळली नाही. वाकलेल्या विजेच्या तारा, पाटाने खचलेली साकवाची कड, हे तर कोठून असणार?

ही माहिती आहे ती आपल्याकडे. कोणत्या पाणंदीत ट्रॉली वळत नाही ते त्या शेताच्या मालकाला ठाऊक असते. म्हणून यंत्र घेतल्यावर निम्मे काम आपल्यालाच करायचे आहे. दोन बंधाऱ्यांची चूक आम्ही नकाशावाल्यांना कळवली. एका नकाशात दुरुस्ती झाली, दुसऱ्यात अद्याप नाही.

या हंगामासाठी शेती विभागाने पुढीलप्रमाणे करायचे ठरवले आहे. नोंद घेताना चिटबॉय आता सभासदाच्या घराचे नव्हे, तर फडाच्या त्या तोंडाचे लोकेशन घेईल, जेथे ट्रॉली प्रत्यक्ष उभी राहते. अक्षांश-रेखांश दशांशात लिहिताना चौथ्या घरातला एक आकडा चुकला तर जागा सुमारे 11 मीटर सरकते, तिसऱ्या घरातला चुकला तर 110 मीटर. म्हणून आकडे हाताने उतरवून न घेता फोनवरूनच पाठवले जातील. त्याबरोबर मधल्या एक-दोन जागांची लोकेशनेही जातील, उदाहरणार्थ मोठा पूल. चालकाने आधी पूल गाठायचा, मग कारखाना. रस्त्यात थांबा घालण्याची सोय ॲपमध्ये आहे, ती कशी वापरायची ते टोळ्या आल्यावर अड्ड्यावर प्रत्यक्ष दाखवले जाईल. ज्यांना वाचता येत नाही, अशा चालकांना आधी दाखवू.

सभासदांनी आपल्या शिवारातील ट्रॉलीस अयोग्य असे बंधारे, साकव, अरुंद पाणंदी आणि लोंबत्या तारा यांची माहिती गट ऑफिसात तोंडी सांगितली तरी चालेल. तेथे भिंतीवर लावलेल्या नकाशावर लाल खूण केली जाईल. आबांच्या बंधाऱ्यावर पहिली खूण झाली आहे. ज्यांच्या घरी पडून असलेला जुना फोन आहे, त्यांनी तो चार्ज करून गट ऑफिसात आणावा, नकाशा उतरवून देऊ. चार्जरची वायर मात्र आठवणीने आणावी, प्रत्येक फोनची वेगळी असते.

— ऊस विकास अधिकारी